बहिरूचं खाचर आन् क्षितीची चारी

लग्न जमवायला पाव्हनं आलं व्हतं. नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं, "मुलगी काय काम करते?" आन् आमच्या बहिरूनं सरळ सांगितलं, "गटारं आखते."

मी आतनं चा घेऊन येत व्हते. आरं बाबा, हापिसात हाय म्हन, इंजिनेर हाय म्हन, काय बी म्हन! पन बहिरूला खोटं बोलायची अक्कल देवानं दिलीच न्हवती. बहिरू माजा धाकटा भाऊ, क्षितिजा त्याची लेक. आमी तिला क्षितीच म्हनतो. ती बसली व्हती मान खाली घालून, पन ह्ये ऐकलं आन् मान वर करून म्हनाली, "गटार नाही मामा, चारी. पावसाच्या पाण्याला वाट करून देणारी, झाडं लावलेली चारी." पोरगा हसला. मामा हसला न्हाई, पन लगीन जमलं.

आमच्या भुकुमाकडं एक रीत हाय. लेकीचं लगीन झालं, की ती कागदावर हक्कसोड करून देती. बापाच्या रानात माजं काय न्हाई, सगळं भावाचं, आसं. मग भाऊ साडी नेसवतो, गोडाधोडाचं जेवू घालतो. मी आंगठा उठवला व्हता बहिरूसाठी. क्षितीनं सही केली शंभूसाठी, म्हंजी तिच्या भावासाठी. कुनी तिला बळजबरी केली न्हाई. उलट हिनंच पेन मागून घेतलं. जमीन घिऊन माहेर तोडायचं का? म्हातारपनी कुटं जायाचं मग बाईनं दोन दिस इसाव्याला? सही करून आली तवा लई खुशीत व्हती. नव्या साडीत बापाच्या खाचराच्या बांधावर जाऊन हुबी ऱ्हायली आन् जावयाला म्हनली, "हे बघा, हे आमचं."

ते खाचर म्हंजी बहिरूचा जीव. डोंगराकडची सगळी जमीन गेली व्हती, काही आमच्या बापानं इकली, काही बहिरूनं. वर सोसायट्या झाल्या, रस्ते झाले, खोल्या झाल्या. शंभूनं बी खोल्या बांधल्या आन् भाड्यानं दिल्या. ऱ्हायलं काय, तर उताराच्या तळाला येक भाताचं खाचर. बहिरू त्याच्यात आंबेमोहोर लावायचा. बाकी लोकांनी तो कवाच सोडला, उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उतरतो बी कमी. पन ह्यो गडी सोडायचा न्हाई. भात निसवलं, लोंब्या भाईर आल्या, की त्याचा वास पार आमच्या दारापातुर यायचा. क्षितीची आई लवकर गेली. तवा ही पोर शाळेतनं आली की घरी न जाता बांधावरच जायाची, बापापाशी. तितंच भाकरी खायाची, तितंच पाठ करायची.

आन् मग वरची मोठी सोसायटी झाली.

आदी त्या उतारावर गवत व्हतं, करवंदाच्या जाळ्या व्हत्या. पाऊस पडला तर निम्मा तितंच जिरायचा. आता सगळा सिमिट. छपराचं पानी, रस्त्याचं पानी, गाड्या लावायच्या जागेचं पानी, सगळं येका मोठ्या पायपात घालून त्यांनी खाली सोडून दिलं. खाली कोन? बहिरू! आपल्यावर पडनारा पाऊस का थोडा हाय? पन घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. पहिल्याच साली लावनी झाली आन् चार सरी जोराच्या आल्या. सकाळी जाऊन बघतो तर रोप न्हाई. सगळं खाचर तांबड्या मुरमानं भरलेलं, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या आन् थर्माकोल. बहिरू घमेलं घिऊन मुरूम काढत बसला. मी म्हनलं, "आरं, पुरा डोंगर आलाय खाली, तू घमेल्यानं कुटवर काढशील?" तर म्हनला, "जेवढा निघंल तेवढा."

दर साली त्येच. सोसायटीवाल्यांकडं गेला, ते म्हनले बिल्डरकडं जा. बिल्डर म्हनला आमचं काम झालं, आता सोसायटीकडं जा. मुडदा बशिवला मेल्यांचा! मानसाला चेंडू करून टाकलं. त्यात जमीन घ्यायला येनारे यायचे. रस्त्याच्या जवळ हाय ना. पन आखाडात येऊन मांडीयेवढं पानी नि चिखल बघितला की गाडी फिरवून परत जायाचे. तवा आमी हसायचो त्यांना. शंभू तेवढा गप बसायचा.

एका साली बहिरू मुरूम काढताना चिखलात घसरून पडला, खुबा दुखावला. क्षिती सासरहून आली, बापाच्या खाटंपाशी बसली आन् म्हनली, "आबा, मी जगाच्या चाऱ्या आखते. तुमच्या खाचराला चारी मी नाही केली तर माझ्या शिकण्याला काडी लावा." रडत न्हवती. रागानं लाल झाली व्हती. ती रागावली की माज्यावर जाते.

सोसायटीच्या कमिटीला तिनं कसं गटवलं ते तिलाच ठावं. गटवलं म्हंजी काय, त्यांची बी गरज व्हती. त्याच पान्यानं त्यांच्या भिताडाखालची माती उकरत चालली व्हती. भिताड पडलं आसतं तर त्यांच्याच गाड्या खाली आल्या आसत्या. म्हनून भिताडाच्या कडंची पट्टी त्यांनी दिली. वरून येक अट घातली, चारीत फुलं पाहिजेत, बघायला बरं वाटलं पाहिजे. क्षितीनं ऐकलं. सरळ चारी काढली, पिवळी, तांबडी फुलझाडं लावली. फोटो लई झ्याक यायचे. आखाडातल्या येका दुपारी सगळी फुलझाडं मुळासकट बहिरूच्या खाचरात येऊन पडली. बहिरूनं काय म्हनावं? म्हनला, "चला, औंदा मुरमाबरुबर फुलं बी आली."

मला हसू आलं. क्षितीला न्हाई आलं. त्या दिसापास्नं तिनं कमिटीचं ऐकनं सोडलं.

दुसऱ्या खेपंला तिनं सगळं मोडून पुन्यांदा आखलं. चढ-उताराचं माप काढायला गवंडी लोकांची पान्याची नळी आनली. येक टोक बापाच्या हातात, येक तिच्या. बाप खाली बांधावर, ही वर पायपापाशी. "आबा, पाणी स्थिर झालं का?" "झालं!" "खूण करा!" "केली!" दिवसभर त्यांचा ह्यो ओरडा. खुब्यानं लंगडायचा तो, पन नळी सोडायला तयार न्हाई. मी भाकरी घिऊन गेले तर मला म्हनतो, "बाय, आत्ता न्हाई, काम चाललंय." आसा खूश मी त्याला क्षितीची आई गेल्यापास्नं बघितला न्हवता.

आता मी आडानी बाई, पन तिनं मला समजंल आसं सांगितलं. पायपाच्या तोंडाशी मोठा खड्डा, त्याच्यात दगडं. पानी धाडकन पडायचं त्ये दगडावर पडनार आन् मुरूम तितंच टाकनार. त्येच्या म्होरं चारी, खोल न्हाई, रुंद, पसरट. सरळ बी न्हाई, वाकत वाकत जानारी. मधी मधी दगडाच्या आडव्या वळी, की पान्याचा दम मोडला पायजे. आन् सगळ्या अंगानं झाडं. वाळा, कर्दळ, वेखंड आन् लव्हाळा. "आत्या, पाण्याला दामटून नेलं की ते सगळं फोडत जातं. त्याला बसत बसत जाऊ दिलं की गाळ आपोआप खाली ठेवतं."

लव्हाळ्यावरनं निराळाच तमाशा झाला. लावायला आमच्या गावच्या बाया व्हत्या, म्होरं साळूबाई. साळूबाई म्हंजी भांगलनीतली वाघीन. तिच्या हाताखालनं तनाची काडी सुटायची न्हाई. तिला सांगितलं लव्हाळा लाव, तर कमरंवर हात ठिवून हुबी. "आगं क्षिते, जल्म गेला ह्याच्या गाठी उपटन्यात. आन् आता मजुरी घिऊन लावू व्हय? कुटं फेडू ह्ये पाप?" लावला शेवटी. पन जाता येता तिचा हात आपसूक खाली जायाचा आन् येक गड्डा उपटून यायचा. क्षिती मागनं परत लावायची. आसं आठवडाभर चाललं. शेवटी क्षितीनं साळूबाईला त्या बाजूनं यायचीच बंदी केली.

म्होरच्या आखाडात आमी सगळी बांधावर हुबी. पाऊस आसा की समोरचं मानूस दिसंना. वर पायपातनं तांबडं लाल पानी खड्ड्यात पडत व्हतं आन् खाली, बहिरूच्या बांधाशी, पानी येत व्हतं गढूळ पन मुरूम न्हाई, जोर न्हाई. क्षितीनं बांधाला दारं ठिवलं व्हतं. पायजे तेवढं पानी खाचरात घ्यायचं, मातीचा येक गोळा लावला की दारं बंद, आन् बाकीचं चारीनं भाईरच्या भाईर वढ्याला. बहिरूनं दारं उघडलं, बंद केलं, पुन्यांदा उघडलं. येखाद्या पोराला खेळनं मिळावं तसं. आन् मग पोरीचा हात धरला. तिच्या डोळ्यांतनं पानी चाललं व्हतं की पाऊस व्हता कोन जाने. माज्या तर डोळ्यांतनंच चाललं व्हतं.

त्या साली आंबेमोहोर निसवला आन् वास आला. किती वर्सांनी! बहिरूनं नवा तांदूळ घरोघर वाटला. "क्षितीच्या चारीचा हाय," म्हनून सांगायचा. सोसायटीतल्या त्या कमिटीवाल्याला बी दिऊन आला, येडा.

त्येच्या म्होरल्या पावसाळ्यात येक मानूस आला. गाडी रस्त्याला लावली, छत्री घिऊन बांधाबांधानं खाली. चारीचे फोटो काढायला लागला. बहिरूला वाटलं, शहरातला कुनी हौशी हाय. तो मानूस म्हनला, "बाबा, इथं तर दर वर्षी पाणी साचायचं ना?" झालं! बहिरूला कुनीतरी विचारायचीच खोटी. "साचायचं! आता बगा," म्हनला, आन् मातीचा गोळा घिऊन दारं बंद करून दावलं. "आता थेंब येनार न्हाई. म्हनलं तर दोन दिसात खाचर कोरडं करून दावतो. माज्या लेकीनं केलंय. पुन्यात मोठ्या मोठ्या लोकांची कामं करती." त्या मानसाला चारीभर हिंडवला. त्यानं बूट चिखलात घालून बघितला, हसला, बहिरूच्या पाठीवर थाप मारली. बहिरूनं त्याला घरी नेऊन चा पाजला.

हात दाखवून अवलक्षन, दुसरं काय. तो जागा बघनारा व्हता. आदी दोनदा पानी बघून परत गेलेल्यांतलाच.

शंभूला मी वाईट न्हाई म्हननार. त्येची पोरं मोठी झाली, खोल्यांत आता पयल्यासारखी भाडेकरू टिकत न्हाईत, समदी हिंजवडीकडं, जांब्याकडं जात्यात. गावात सगळ्यांनी इकली, ह्यानं येकट्यानं किती दिस थांबावं? बापाला त्यानं आरडून वरडून काय सांगितलं न्हाई. रोज जेवताना थोडं थोडं सांगितलं. आन् ज्याच्या ताटात जेवायचं त्याला न्हाई कसं म्हनायचं? बहिरूनं सही केली. क्षितीला विचारायचं कारनच न्हवतं, तिनं हक्क सोडलेला. तिला कळलं ते चारीच्या कडंला मोजनीच्या खुना ठोकलेल्या बघून.

ती घरात आली तवा मी तितंच व्हते. शंभूशी येक शबूद बोलली न्हाई. बापाच्या म्होरं जाऊन बसली. "आबा, तुम्ही सही केलीत?"

बहिरू भिताडाकडं बघत व्हता. मग म्हनला, "तू चारी केली नसतीस, तर माजं खाचर ऱ्हायलं आसतं."

मला वाटलं भुई फाटंल तर बरं. "बहिरू, जीभ कशी झडली न्हाई तुजी!" मी वरडले. "कुनी दावलं त्या मानसाला दारं बंद करून? क्षितीनं?" तोवर क्षिती उठली, चपला घातल्या, गेली. मला ठावं हाय, त्येला स्वताचाच राग आला व्हता. पन राग काढायला मानसाला जवळचंच मानूस लागतं. त्यानं ते बोलनं कवा माघारी घेतलं न्हाई. सुंभ जळलं तरी पीळ जळत न्हाई.

खाचराला भवतीनं पत्रे लागले. दाराशी वॉचमन बसला, कुनी लांबचा, हिंदी बोलनारा. आन् आमचा बहिरू रोज सकाळी तितं जाऊन हुबा. आत जायाला बघायचा, वॉचमन हाताला धरून भाईर काढायचा. "बाबा, अंदर जाना मना है।" मग ह्यो पत्र्याच्या फटीला डोळा लावून हुबा ऱ्हायचा, उन्हात. पोरं हसायची. शंभू येऊन न्यायचा, दुसऱ्या दिशी परत. येकदा पत्र्यानं कपाळ कापलं तरी गेला.

आन् त्याच दिसांत ऐकलं, की खाचरावर बंगले हुनार हायत आन् त्यांचं काम क्षितीनं घेतलं. पान्याची येवस्था आखायचं काम. जुनी चारी त्यांना पायजेच व्हती, तीच म्होरं बंगल्यांमधनं न्यायची व्हती. ज्या मानसानं तिच्या बापाचं खाचर घेतलं त्याच्याकडनंच काम! आंधळं दळतं आन् कुत्रं पीठ खातं म्हनतात, हितं तर आंधळी पुन्यांदा दळाय बसली. गावात काय काय बोलले लोक. मला तर आसा संताप आला, की मी पदर खोचला आन् थेट तितंच गेले. म्हनलं, चार मानसांत हिची लाज काढायची.

दाराशी वॉचमननं आडवलं. मी म्हनलं, मॅडमची आत्या हाय. तर त्यानं उठून नमस्कार केला आन् म्हनला, "आइए। मॅडम के पिताजी भी अंदर हैं।"

आत गेले. चारीच्या कडंला येका दगडावर बहिरू बसला व्हता. डोक्यावर पिवळी टोपी, ती बांधकामावर घालत्यात तसली, कानापातुर आलेली. सायटीवर टोपीबिगर कुनाला सोडत न्हाईत म्हने. काठीनं दगडांच्या वळीत आडकलेला पालापाचोळा काढत व्हता. क्षिती लांब, दुसऱ्या टोकाला, कामगारांना काहीबाही सांगत व्हती. दोघं येकमेकांकडं बघत न्हवते. दुपारी तिनं डबा उघडला, निम्मा काढून त्येच्यापाशी नेऊन ठिवला. त्यानं खाल्ला.

माजा खोचलेला पदर मी सोडला. "क्षिते, ह्याच्यासाठी काम घेतलंस व्हय?" ती म्हनली, "वॉचमनला बाहेरच्या माणसाला सोडता येत नाही, आत्या. मॅडमच्या वडलांना सोडता येतं."

रोज यायचा तो. पावसात बी, कपाळाला फडकं गुंडाळून वर टोपी. खाचर काय ऱ्हायलं न्हवतं, बंगल्यांचे पाये आले व्हते. पन चारी व्हती, आन् चारीच्या बाजूनं थोडी वल्ली माती व्हती. तितंच तो बसायचा.

क्षिती कामाला लई चपळ. दुसऱ्याला महिना लागंल ते ही आठवड्यात उरकनार. आन् हितं काम काय सरंना! येकदा लावलेली दगडांची वळ काढायची, परत लावायची. वेखंड हितनं उपटून तितं. सुपरवायझर कटकट करायचा. जावई बी येकदा मला म्हनले, "आत्याबाई, तुम्ही तरी विचारा, हिचं दुसरं काम सगळं अडून राहिलंय." मी विचारलं. चारीचं शेवटचं टोक तेवढं ऱ्हायलं व्हतं, पाच-सहा हात. "क्षिते, ह्ये कवा संपनार?"

"संपवायचं नाही गं आत्या," ती म्हनली. "काम संपलं की माझं आत येणं संपलं. आणि मग आबांचंही."

मी साळूबाईला धाडून दिलं. म्हनलं, जा, तिनं लावलेलं उपट जरा, तुला सवयच हाय. साळूबाईनं लई मन लावून केलं ते काम.

पुसाच्या म्हैन्यात बहिरूला थंडी भरली. तीन-चार दिस तो सायटीवर गेला न्हाई, खाटंवरच व्हता. क्षिती रोज येऊन पायाशी बसायची. मला वाटायचं, आता तरी हा येक शबूद बोलंल. आरं मेल्या, बोल ना, पोरगी वाट बघतीय! त्यानं तिच्याकडं बघितलं आन् विचारलं, "काम झालं का?" ती म्हनली, "नाही आबा, अजून आहे थोडं." तो म्हनला, "मग उद्या जाऊ." तेवढंच. पहाटं गेला.

तेरावं झालं आन् दुसऱ्या सकाळी क्षिती सायटीवर गेली. मी म्हनलं मी बी येते. साळूबाई आली. क्षितीनं साडी वर खोचली, स्वता चारीत उतरली. दगड बसवले, माती दाबली, वाळ्याचे ठोंब लावले, लव्हाळा लावला, वर बादलीनं पानी वतलं. साळूबाईनं काय उपटलं न्हाई. ऊन डोक्यावर यायच्या आदी सगळं टोक पुरं झालं. वर्षाच्या वर रेंगाळलेलं काम.

सुपरवायझर आला, बघितलं, फोटो काढला. म्हनला, "मॅडम, एवढंच राहिलं होतं, मग इतके दिवस का लावले हो?"

क्षिती बादलीतल्या पान्यात हात धूत व्हती. म्हनली, "माझे वडील यायचे ना."

मग ती तितंच, लावलेल्या ठोंबांच्या मधी, चिखलात बसली आन् रडाय लागली. बापाला नेला तवा रडली न्हवती ती. साळूबाई तिला उठवाय निघाली. मी तिचा हात धरला, म्हनलं, बसू दे.